सुशी पहिल्यांदा खाताना: प्रकार कसे ओळखायचे, आधी काय मागवायचं आणि कुठे चुकतं

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला आम्ही राहतो. या भागात भारतीयांची वस्ती मोठी आहे आणि मे महिना आला की कोणा ना कोणा मराठी घरात पाहुणे असतातच. त्यांना सुशी खायला नेण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं. आणि दरवेळी एकच प्रकार घडताना बघते. सगळ्यांत चकचकीत फोटो दिसला म्हणून पहिलीच प्लेट माशाच्या अंड्यांची मागवली जाते. सोया सॉसच्या वाटीत वासाबीचा, म्हणजे झणझणीत हिरव्या लेपाचा, गोळा कालवला जातो. त्यात भाताची बाजू बुचकळली की भात फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि निकाल लागतो: "आपल्याला नाही बाई जमायचं हे."

सुशी आवडली नाही असं त्यात काहीच नसतं. क्रम चुकलेला असतो.

एक गोष्ट आधी पक्की करा. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. त्याच्यावर मासा असेल, अंडं असेल, नाही तर पोटात काकडी असेल. भात आहे म्हणून ती सुशी. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात, ती सुशी नव्हे. म्हणून आधी भाताची ओळख, मग सौम्य मासा, मग उग्र आणि चरबीदार मासा, आणि शेवटी गुंडाळ्या. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळलात तरी चालेल, उलटे मात्र करू नका.

## टप्पा १: निघण्याआधी

दुकान निवडा. पहिल्या वेळी कायतेन-झुशीत जा, म्हणजे फिरत्या पट्ट्याच्या दुकानात. तिथे फोटो असलेलं पॅनेल असतं, भाषा बदलता येते, एका प्लेटमध्ये बहुधा दोनच तुकडे येतात आणि न आवडलेली प्लेट फार महागात पडत नाही. समोर उस्ताद उभा आहे आणि तो देईल ते खायचं, ही ओमाकासेची पद्धत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. काउंटरच्या दुकानात जायचंच असेल तर दुपारचा ठरलेला संच मागवा. त्याचे नामी, जो आणि तोकुजो असे दर्जे असतात, म्हणजे साधा, चांगला आणि खास. पहिल्या वेळेला 'जो' दर्जा पुरे.

वेळ बघा. शनिवार-रविवारी दुपारी बारा ते दीड आणि संध्याकाळी सहानंतर रांग असते. घाईत शिकणं होत नाही, दुपारी दोननंतर जा. छोटी दुकानं मात्र दुपारी मधेच बंद असतात.

अत्तर, सेंट लावू नका. काउंटरच्या दुकानात तर अजिबात नको. माशाचा मंद वास हाच तिथला मुद्दा असतो आणि शेजारच्याचं जेवण बिघडतं.

कोणी काय खायचं नाही, ते घरीच ठरवा. गरोदर बायकांनी, औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी आणि अगदी लहान मुलांनी कच्चं टाळावं. त्यांच्यासाठी शिजवलेले प्रकार भरपूर आहेत, पुढे येतीलच. गहू चालत नसेल तर लक्षात ठेवा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

> शाकाहारी मंडळींनी इथे थांबून वाचा. मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं जपानी स्वयंपाकात होत नाही. बहुतेक पदार्थांच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेलं पातळ पाणी असतं, आणि नेहमीची दाशी कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. इनारीची तळलेल्या तोफूची पिशवी गोडसर पाण्यात शिजवतात, त्यात बहुधा दाशी असते. तामागोत, म्हणजे अंड्याच्या गोडसर घडीत असते. मिसो सूपमध्ये तर असतेच. नात्तोवर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनवर घालायच्या सॉसमध्येही ती सापडते.

माझ्या मामींनी पहिल्या भेटीत चार इनारी आनंदाने खाल्ल्या, आणि नंतर कळल्यावर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. चूक माझी होती, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून दुकानात शिरल्या शिरल्या विचारते: "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?" म्हणजे "यात कात्सुओची दाशी आहे का?" "हाय" म्हणाले तर आहे. कडक शाकाहारी असाल तर भाताच्या व्हिनेगरबद्दलही विचारून घ्या.

त्यातल्या त्यात भरवशाचे प्रकार म्हणजे कप्पामाकी (काकडीची गुंडाळी) आणि अवोकाडो. वांग्याची निगिरी मिळाली तर तिच्यावर काय लावलंय ते विचारा. मक्याच्या दाण्यांच्या गुनकानमध्ये मेयोनीज असतं, म्हणजे अंडं आलं. निगिरी, गुनकान कशाला म्हणतात ते टप्पा ३ मध्ये येईल.

## टप्पा २: बसल्यावरची पहिली पाच मिनिटं

लगेच पॅनेलवर हात टाकू नका. टेबलावर काय काय आहे ते आधी बघा.

ओला रुमाल, म्हणजे ओशिबोरी, हात पुसायला असतो. तोंड, मान, टेबल काहीही त्याने पुसायचं नाही.

टेबलाच्या कडेला एक काळा नळ असतो, कप दाबला की पाणी येतं. हे पाणी उकळतं असतं आणि ते चहासाठी आहे. आमच्याकडे आलेले एक काका सरळ त्याच्याखाली हात धुवायला गेले. पूर्ण हात जाण्याआधी मी मनगट धरलं म्हणून बोटांवर निभावलं. मुलं सोबत असतील तर त्यांना नळापासून लांब बसवा. शेजारच्या डबीत हिरवी पूड असते, ती चहाची. कपात अर्धा छोटा चमचा पूड आणि मग पाणी. पूड जास्त झाली तर चहा कडू होतो.

गुलाबी किंवा फिकट पिवळे काप दिसतील ती गारी, म्हणजे गोड व्हिनेगरमधलं आलं. ती सुशीवर ठेवून खायची नाही. एक मासा संपला आणि दुसरा सुरू करायचा, त्या मधल्या वेळात एक काप चावायचा. तोंड साफ होतं.

वासाबीची पाकिटं बहुतेक साखळी दुकानांत वेगळी मिळतात, कारण तिथली सुशी वासाबी न लावताच येते. काउंटरच्या दुकानात उस्ताद भात आणि माशाच्या मध्ये वासाबी लावूनच देतो. नको असेल तर आधीच सांगा: "साबी-नुकी." वासाबी मिरचीसारखी जिभेवर जळत नाही, फेसलेल्या मोहरीसारखी नाकात चढते. आणि मोहरीसारखीच दहा सेकंदांत उतरते. चढली तर पाणी पिऊ नका, तोंड मिटून नाकाने श्वास घ्या.

वाटीत सोया किती घ्यायचा? तळ जेमतेम झाकेल इतका. भरलेली वाटी ही पुढच्या चुकीची तयारी असते.

पट्ट्याबद्दल दोन नियम. उचललेली प्लेट परत ठेवायची नाही. आणि रंगीत बैठकीवर ठेवलेली प्लेट कोणीतरी मागवलेली असते, ती उचलायची नाही. 2023 मध्ये काही गिऱ्हाइकांनी पट्ट्यावरच्या अन्नाशी नको ते चाळे केले, त्यानंतर अनेक साखळ्यांनी मोकळ्या प्लेट फिरवणं थांबवलं. आता बहुतेक ठिकाणी पॅनेलवर मागवलेलंच पट्ट्यावरून समोर येऊन थांबतं.

## टप्पा ३: भाताच्या आकारावरून प्रकार ओळखा

पॅनेलवर दीडशे फोटो असतात आणि माणूस गांगरतो. माशाकडे बघू नका, भाताकडे बघा. भात कुठे आहे यावरून सगळे प्रकार ओळखता येतात.

- भाताचा लांबट गोळा, वर मासा: निगिरी.
- भाताच्या गोळ्याभोवती नोरीची उभी भिंत, वर सुटं सारण: गुनकान.
- नोरी बाहेर, भात आत, मध्ये सारण: माकी. बारीक आणि एकाच सारणाची ती होसोमाकी, जाड आणि चार-पाच सारणांची ती फुतोमाकी.
- भात बाहेर, नोरी आत: उरामाकी. कॅलिफोर्निया रोल यातलाच. भारतातल्या हॉटेलांत सुशी म्हणून बहुधा हीच समोर येते.
- पानाच्या पुडीसारखा नोरीचा शंकू: तेमाकी.
- तपकिरी पिशवीत भरलेला भात: इनारी. तोक्योकडे लांबट चौकोनी, ओसाकाकडे त्रिकोणी.
- वाडग्यात भात, वर सारं पसरलेलं: चिराशी.
- लाकडी साच्यात दाबून वडीसारखी कापलेली: ओशिझुशी.

नोरी म्हणजे समुद्रशेवाळाचा कागदासारखा वाळवलेला पापुद्रा. ती शाकाहारी आहे.

पुढे जाण्याआधी तपासा: पॅनेलवरच्या कोणत्याही पाच फोटोंकडे बघून प्रकाराचं नाव सांगता येतंय का? येत असेल तर मागवायला हरकत नाही. एका वेळी दोनच प्लेट मागवा. भुकेच्या भरात आठ प्लेट एकदम मागवल्या की शेवटच्या चार येऊन सुकत बसतात. मोठ्या माणसाचं पोट आठ-दहा प्लेटमध्ये भरतं.

## टप्पा ४: पहिली फेरी शिजवलेल्याची

मागवा: तामागो (अंड्याची गोडसर जाड घडी), एबी (उकडलेली कोळंबी), आणि इनारी किंवा कप्पामाकी.

जाणकार तामागो शेवटी खातात, गोड म्हणून. नवख्यांसाठी मी ते मुद्दाम उलटं करते. या फेरीत नवीन काय आहे? फक्त भात. अंडं ओळखीचं, कोळंबी ओळखीची. त्यामुळे जिभेचं सगळं लक्ष भाताकडे जातं, आणि तेच हवं असतं.

चावताना तीन गोष्टी बघा. दाणा इंद्रायणीसारखा एकमेकांना धरून असतो, पण लगदा नसतो, जिभेवर सुटा होतो. आंबट आणि गोड एकत्र लागतं, पण दोन्हींपैकी काहीच पुढे येत नाही. आणि भात ना गरम ना थंड, साधारण अंगाच्या उबेचा असतो. साखळी दुकानात गोळे यंत्रावर पडतात, तिथे हे सगळं थोडं कमी जाणवेल, तरी जाणवतं.

तामागोला सोया लावू नका. एबीला टोकाला एक थेंब.

> नेहमीची चूक: वरचं खाऊन भात बाजूला ठेवणं. "भाताने पोट भरतं, मासा तेवढा खाऊ" असं म्हणून आमच्या एका पाहुण्याने सहा गोळे प्लेटमध्ये तसेच ठेवले होते. इथे ते फार वाईट दिसतं, आणि तुम्ही सुशी खाल्लीच नाही असा त्याचा अर्थ होतो. भात जास्त वाटत असेल तर काही साखळ्यांच्या पॅनेलवर भात कमी घालण्याचा पर्याय असतो, तो दाबा.

## टप्पा ५: निगिरी

इथे वेळ द्या. सगळ्या लेखातला हाच टप्पा नीट जमला पाहिजे.

### ५.१ आधी हात जमवा

निगिरी हाताने खाल्ली तर चालते, उलट बरंच. आपल्याला हाताने खायची सवय आहे आणि इथे ती कामाला येते. चॉपस्टिकने अर्ध्या वाटेत भात फुटेल याची धास्ती असेल तर हातच वापरा.

१. प्लेटवरच्या निगिरीला बोटाने हलकेच एका कुशीवर आडवी करा.
२. अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला. एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला भात अशी पकड येते. दाबायचं नाही.
३. माशाचं टोक वाटीला टेकवा. बुडवायचं नाही, टेकवायचं.
४. मासा जिभेकडे येईल असं तोंडात घाला. एका घासात.

मासा खाली का? कारण सोया आणि मासा आधी जिभेला लागतात आणि भात मागून येतो. सरळ घातली तर आधी नुसता भात लागतो.

भाताची बाजू सोयात बुडवली की काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा. भात टिपकागदासारखा सोया पितो, अर्ध्या सेकंदात तपकिरी होतो आणि वाटीत दाणे सुटायला लागतात. जे तोंडात जातं ते फक्त खारट लागतं. पांढरा ताई मासा होता की लाल मागुरो, काही सांगता येत नाही.

वासाबी हवी असेल तर तिचा कण माशावर ठेवा आणि मग सोया टेकवा. वाटीत कालवलेली वासाबी सोयाला गढूळ करते आणि मग प्रत्येक तुकड्याला तीच एक चव येते.

अर्धा तुकडा दातांनी तोडून अर्धा परत ठेवू नका. घास मोठा वाटला तर भात कमीचा पर्याय आहेच.

### ५.२ आता मासा, या क्रमाने

पांढरा. ताई किंवा हिरामे. चव इतकी हलकी असते की पाहुणे म्हणतात, "यात काहीच लागत नाही." लागतं, पण शेवटी. सात-आठ वेळा चावल्यावर गोडसरपणा येतो. कच्च्या माशाला वास मारतो ही भीती याच तुकड्यावर संपते, म्हणून सुरुवात इथून.

माकूल आणि शिंपला. इका म्हणजे माकूल, कच्चं, पांढरंशुभ्र आणि किंचित चिकट. होताते म्हणजे मोठ्या शिंपल्यातला मऊ गोल गाभा, स्पष्ट गोड. इकाचा पोत सगळ्यांना आवडत नाही. मी नवख्यांना होताते देते आणि इका पुढच्या वेळेवर टाकते.

सॅमन. मुलांना आणि पहिलटकरांना हमखास आवडतो. तरी पहिला नको, कारण त्यातली चरबी जिभेवर बसते आणि पांढरा मासा मग खरंच बेचव लागतो. यानंतर गारीचा एक काप घ्याच.

लाल. मागुरो म्हणजे ट्यूना. याचे तीन भाग वेगळे विकतात. अकामी म्हणजे बिनचरबीचा गडद लाल, च्यूतोरो मध्यम चरबीचा, ओतोरो पोटाकडचा, फिकट गुलाबी आणि सर्वांत महाग. पैसे आहेत म्हणून ओतोरो आधी मागवू नका. त्यानंतर अकामी खाल्ला तर तो पाण्यासारखा लागेल. आधी अकामी, मग च्यूतोरो. ओतोरो दोघांत एक प्लेट घ्या. त्याचा दुसरा तुकडा अनेकांना जड जातो.

चंदेरी कातडीचे. यांना हिकारिमोनो म्हणतात: अजी, साबा, कोहादा. इथे वास आणि चव दोन्ही वाढतात. साबा हा आपल्या बांगड्याच्या कुळातला. तो मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवून वापरतात, त्याला शिमे-साबा म्हणतात. घरी बांगडा खाणाऱ्यांना हा तुकडा बाकी सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. कोकणातल्या माझ्या मावससासूबाईंनी सॅमन अर्धा ठेवला आणि साबाच्या तीन प्लेट खाल्ल्या. जे मासे खात नव्हते पण आता करून बघतायत, त्यांनी हा गट सोडून द्यावा.

वाम. अनागो म्हणजे समुद्रातली वाम, मऊ शिजवलेली. तिच्यावर त्सुमे नावाचा गोड दाट सॉस लावलेला असतो. त्यावर पुन्हा सोया लावू नका. भाजलेली गोड्या पाण्यातली वाम ती उनागी, तिलाही तसंच. गोडसर असल्याने निगिरीची फेरी इथे संपवावी.

तपासा: वाटीत भाताचे दाणे पडलेत का? सोया गढूळ झालाय का? नसेल तर हात बसला. दाणे दिसत असतील तर वाटी बदलून घ्या आणि ५.१ पुन्हा एकदा.

## टप्पा ६: गुनकान

भाताभोवती नोरीची भिंत, म्हणून सुटे पदार्थ यात बसतात: इकुरा (सॅमनची टपोरी अंडी), तोबिको (बारीक कुरकुरीत अंडी), उनी, मक्याचे दाणे.

गुनकान उलटी करून सोयात टेकवता येत नाही, सगळं वाटीत सांडतं. गारीचा एक काप चॉपस्टिकने उचला, सोयात बुडवा आणि त्याने वरून हलकेच सोया लावा. इकुराला बहुधा त्याचीही गरज नसते, ती मुरवलेलीच असते.

पटकन खा. नोरी ओल धरते आणि पाच मिनिटांत रबरासारखी होते.

उनीबद्दल माझं स्पष्ट मत: स्वस्त दुकानात पहिल्यांदा खाऊ नका. हा समुद्री काटेरी प्राण्याचा आतला मऊ भाग आहे आणि तो पेटीत आकार धरून राहावा म्हणून त्याला तुरटी लावतात. हलक्या मालात ती तुरट-कडू चव राहते आणि लोकांना वाटतं उनी असाच असतो. एकदा चांगल्या काउंटरवर एकच तुकडा खा, नाही तर होक्काइदोला गेलात तर तिथे.

## टप्पा ७: माकी शेवटी

गुंडाळ्यांत भात जास्त असतो, म्हणून त्या शेवटी, राहिलेली भूक भागवायला. आपल्याकडची माणसं नेमकं उलट करतात. रोल ओळखीचा वाटतो म्हणून आधी दोन मागवतात आणि निगिरीसाठी पोटात जागाच उरत नाही.

होसोमाकीचे सहसा सहा तुकडे येतात. काकडीची ती कप्पामाकी, मागुरोची तेक्कामाकी. कान्प्योमाकी जरूर बघा. कान्प्यो म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या सोलून वाळवलेल्या पट्ट्या. जपानचं जवळजवळ सगळं कान्प्यो तोचिगी प्रांतात होतं. सोया आणि साखरेत शिजवलेल्या या पट्ट्या मऊ, गोडसर आणि किंचित चिवट लागतात. शाकाहारींनी इथेही दाशीबद्दल विचारावं.

तेमाकी आली की बाकी सगळं सोडून ती खा. हातात आल्यावर पहिला मिनिट ती कुरकुरीत असते. फोटो काढत बसलात तर दाताने तुटत नाही, ओढावी लागते आणि सारण मांडीवर पडतं. तेमाकी वाटून घेता येत नाही, एकेकाची वेगळी मागवा.

> चॉपस्टिकबद्दल दोन गोष्टी: भातात उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये तुकडा देऊ नका. दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्याच्या प्लेटमध्ये ठेवा.

## टप्पा ८: गावोगावचे प्रकार, दुसऱ्या दिवसासाठी

हे कायतेनमध्ये क्वचितच मिळतात, आणि एका जेवणात सगळं कोंबूही नये.

चिराशी दुपारच्या जेवणाला घ्या. एक वाडगा, एक माणूस. आपल्या सवयीने भात आणि वरचं कालवू नका, वरून खाली एकेक घास घ्या. 3 मार्चला मुलींच्या सणाला, हिनामात्सुरीला, घरोघरी हीच करतात.

ओशिझुशी ओसाकाकडची. साबा आणि वर कोंबू या समुद्रशेवाळाचा पारदर्शक पापुद्रा असलेल्या वडीला बात्तेरा म्हणतात. नाराला पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली काकिनोहा-झुशी मिळते, तोयामाला बांबूच्या पानांत बांधलेली ट्राउट माशाची गोल मासुझुशी. ही रेल्वे स्टेशनांवरही मिळते आणि केकसारखी कापून खातात. पान खायचं नाही. केळीच्या पानातल्या पानग्यासारखं उघडायचं आणि बाजूला ठेवायचं.

शिगा प्रांतात, बिवा सरोवराकाठी, फुनाझुशी मिळते. मीठ लावलेला गोड्या पाण्यातला मासा भातात महिनोन्‌महिने आंबवतात. वास फार तीव्र असतो. पहिल्या जपानवारीत नको.

## टप्पा ९: उठताना

पॅनेलवर हिशेबाचं बटण असतं, ते दाबा. प्लेट रंगाप्रमाणे मोजायची पद्धत असेल तर कोणीतरी येऊन मोजतं, त्यामुळे प्लेट लपवू किंवा इकडेतिकडे सरकवू नका. टिप देऊ नका, जपानमध्ये ती पद्धत नाही. उठताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार.

इंटरनेटवर वाचून लोक चहाला "अगारी", सोयाला "मुरासाकी" आणि बिलाला "ओआइसो" म्हणतात. ही दुकानातल्या कामगारांची आपसातली बोली आहे. गिऱ्हाइकाने साधं बोलावं: ओचा, शोयू, ओकाइकेई.

## टप्पा १०: घरी नेताना, आणि घरी करताना

बांधून घेतलेली सुशी त्याच दिवशी संपवा. निगिरी फ्रिजमध्ये ठेवली की भात खडीसारखा कडक होतो, आणि बाहेर ठेवली की मासा धोक्याचा. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये निम्म्या किमतीची पिवळी-लाल चिकटपट्टी लागलेली खोकी मिळतात, ती घेतली तर घरी पोचताच खायला बसा. खोक्यातली हिरवी झालर प्लास्टिकची असते, मुलांना सांगा.

परत गेल्यावर बरेच जण उत्साहाने घरी करायला बसतात, तेव्हा ही चूक फार महाग पडते: बाजारातला ताजा मासा म्हणजे कच्चा खाण्याजोगा मासा नव्हे. ससून डॉकवरून पहाटे आणलेली सुरमई असो की मालवणचा फडफडीत बांगडा, आपल्याकडचे मासे शिजवण्यासाठी धरलेले आणि हाताळलेले असतात. माशात अनिसाकिस नावाचा जंत असू शकतो. व्हिनेगर, मीठ, सोया किंवा वासाबीने तो मरत नाही. शिजवल्याने किंवा खोलवर गोठवल्यानेच मरतो. जपानी आरोग्य खात्याचा निकष उणे 20 अंशांवर किमान 24 तासांचा आहे, आणि घरातल्या फ्रीजरमध्ये माशाच्या गाभ्यापर्यंत तेवढी थंडी पोचेल याचा भरवसा नाही. शिमे-साबा बघून बांगडा व्हिनेगरमध्ये मुरवून खाऊ नका.

घरी तेमाकी करा, तीही सगळं शिजवलेलं घालून. 300 ग्रॅम जपानी तांदूळ शिजवून गरम असतानाच त्यात चार मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ, आधी विरघळवून, लाकडी उलथन्याने कापल्यासारखं मिसळा. ढवळू नका, दाणे मोडतात. भात कोमट झाला की ओल्या फडक्याने झाका. उकडलेली कोळंबी, अंड्याच्या पट्ट्या, काकडी, अवोकाडो ताटात मांडा. नोरी डब्यातून सगळ्यांत शेवटी काढा, आणि ज्याची त्याने खाण्याच्या क्षणीच गुंडाळा.